फ्रिक्शन वेल्डिंग : वेळ वाढवला तरी सांधा मधूनच तुटतोय, नक्की कुठलं सेटिंग बदलू?

खाडीपलीकडे (रत्नागिरी)
नमस्कार मंडळी. मिरजोळे एमआयडीसीत आमची छोटी शेड आहे, मी आणि धाकटा भाऊ मिळून चालवतो. मागच्या वर्षी एक जुनं कंटिन्युअस ड्राइव्ह फ्रिक्शन वेल्डिंग मशीन घेतलं (मोटार एक तुकडा सतत फिरवते, दुसरा त्यावर दाबून घासायचा, गरम झाले की फिरणं थांबवून जोरात दाबायचं, त्या शेवटच्या दाबाला फोर्ज म्हणतात). मच्छीमार बोटींच्या विंचला (दोर ओढायच्या यंत्राला) जे हायड्रॉलिक सिलिंडर लागतात त्यांच्या रॉडला डोळा (भोक असलेलं टोक) जोडायचं काम असतं, दोन्ही बाजूंचं मटेरियल ईएन ८, म्हणजे मध्यम कार्बन स्टील. आधी २० मिमीचे रॉड करत होतो, वर्षभर एकही तक्रार नाही. जूनपासून २५ मिमीची ऑर्डर आली आणि तिथून डोकेदुखी सुरू झालीय. दर दहातले तीन तुकडे बेंड टेस्टला तुटतात, आणि तुटलेला भाग बघितला की कडेने छान दाणेदार पण मध्ये रुपयाएवढा सपाट, काळपट डाग.

सेटिंग : १५०० आरपीएम, घासायचा वेळ ६ सेकंद, गेजवर घासताना २० बार आणि फोर्जला ४० बार, फोर्ज होल्ड ५ सेकंद. माझा हिशोब साधा होता की मध्ये गरम होत नाहीये म्हणजे वेळ वाढवा. ६ चे ९ केले. सांध्यातून बाहेर येणाऱ्या मऊ धातूची झालर एवढी मोठी झाली की खरडायला टूल कमी पडतंय, रॉडची लांबी कमी भरतेय, आणि तुटायचे ते तुटतातच. माझं म्हणणं चुकतंय का? जास्त घासलं की जास्त चांगलं जोडलं जाणार ना?

वाशिष्ठी_काठ (चिपळूण)
सरळ कडा तासून व्ही खाच काढा आणि आर्क वेल्डिंग करा. तीस वर्षं करतोय, एक डोळा निघाला नाही.

रातांबा
मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, माझा एक बेसिक प्रश्न. यात धातू वितळतो का? आमच्या पुस्तकात सॉलिड स्टेट लिहिलंय पण व्हिडिओत तर लालबुंद लोणी बाहेर येताना दिसतं.

पोफळीची_सावली
रातांबा, वितळत नाही. स्टीलच्या बाबतीत सांध्याचं तापमान साधारण ९०० ते १३०० अंशांपर्यंत जातं, वितळायला साधारण १४५० लागतं. ते जे लोणी दिसतं तो मऊ झालेला, मळलेल्या कणकेसारखा धातू. तो बाहेर ढकलला जातो आणि जाताना पृष्ठभागावरचं ऑक्साइड, गंज, तेल बरोबर घेऊन जातो. आतले दोन स्वच्छ पृष्ठभाग दाबाखाली भेटतात, तेव्हा सांधा होतो.

खाडीपलीकडे दादा, मी पॉलिटेक्निकमध्ये शिकवते. तुमचं "जास्त घासलं की जास्त चांगलं" हे अर्धंच बरोबर आहे. सुरुवातीला दोन्ही तोंडं कोरडी घासतात, टॉर्क (फिरवायला लागणारा जोर) झपकन वर जातो, मग धातू मऊ झाला की टॉर्क खाली येतो आणि एका पातळीवर स्थिर होतो. त्या स्थिर टप्प्यात जेवढी उष्णता तयार होते साधारण तेवढीच बाहेर जाणाऱ्या धातूबरोबर आणि रॉडमध्ये निघून जाते. म्हणून त्यापुढे घासत बसलात की तापमान फारसं वाढत नाही, फक्त लांबी जळते, उष्णतेने बदललेला पट्टा रुंद होतो आणि दाणे मोठे होतात. तुमची झालर वाढली, लांबी घटली, ताकद तिथेच राहिली, हे त्याचंच लक्षण. ९ सेकंद परत ६ वर आणा.

आणि मला गेजचे बार नकोत, सांध्यावरचा दाब सांगा. मशीनच्या दाब देणाऱ्या सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) किती?

खाडीपलीकडे
ताई, बोअर १०० मिमी. पण गेज तर तोच आहे, २० मिमीच्या वेळी पण २० आणि ४० वरच ठेवलेलं, तेव्हा सगळं ओके होतं.

पोफळीची_सावली
मग सापडलं बहुतेक. वही पेन घ्या.

१०० मिमी बोअरचं क्षेत्रफळ ७८५४ चौरस मिमी. ४० बार म्हणजे ४ मेगापास्कल, म्हणजे जोर झाला ३१.४ किलोन्यूटन, साधारण ३.२ टन. २० मिमी रॉडचं तोंड ३१४ चौरस मिमी, म्हणजे फोर्जचा दाब १०० मेगापास्कल. छान. आता तोच जोर २५ मिमी रॉडवर, तोंड ४९१ चौरस मिमी. दाब राहिला ६४. घासतानाचा ५० होता तो झाला ३२.

मऊ आणि मध्यम कार्बन स्टीलला वेल्डिंगच्या हँडबुकात घासताना ३१ ते ६० आणि फोर्जला ७६ ते १५२ मेगापास्कल अशी पट्टी दिलेली असते. तुमचा घासण्याचा दाब काठावर आणि फोर्ज पट्टीच्या खालीच. व्यास ५ मिमीच वाढला पण तोंड दीडपटीपेक्षा जास्त वाढलं हो. २५ ला तेच १०० मेगापास्कल हवे असतील तर गेज ६२ च्या आसपास जायला पाहिजे आणि घासताना ३१. पंपाला आणि सीलला तेवढं झेपेल का ते आधी बघा.

खाडीपलीकडे
बाप रे. हे डोक्यातच आलं नाही. गेज म्हणजे दाब असंच धरून चाललो होतो. पंप १०० बारचा आहे, झेपेल. उद्या करतो.

करूळ_घाट
मी क्वालिटीत होतो, आता रिटायर. पोफळीताईंचं गणित बरोबर आहे, त्यात स्पीडची भर घालतो. फ्रिक्शन वेल्डिंगमध्ये आरपीएमपेक्षा कडेचा वेग बघायचा. २५ मिमीला १५०० म्हणजे मिनिटाला ११८ मीटर. स्टीलला ७५ च्या खाली गेलात की टॉर्क फार वाढतो, रॉड चकमध्ये (पकडणाऱ्या जबड्यात) सरकायला बघतो, धातू फाटल्यासारखा निघतो आणि झालर एका बाजूला जास्त. तुम्ही त्याच्या बरेच वर आहात, तेव्हा स्पीडला हात लावू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने सुधारलं ते कधीच कळणार नाही, हे मी पोरांना कंठशोष करून सांगायचो.

आणि मधलाच भाग का थंड राहतो? रॉडच्या बरोबर मध्यावर वेग शून्य असतो. घासणं होतं ते कडेला, तिथली उष्णता आत झिरपत मध्यावर पोचते. मध्यावरचा ऑक्साइडचा थर तिथून कडेपर्यंत ढकलायचं काम फोर्जचं, कारण त्यालाच सगळ्यात लांबचा प्रवास करायचा असतो. फोर्ज कमी पडला की तो तिथेच अडकतो. तुमचा काळपट डाग म्हणजे तो अडकलेला थर असणार.

घावणे_चटणी
माझे मिस्टर लेथवर काम करतात म्हणून मी हे सगळं वाचत असते. ताईंचं वाचून मला मोदक आठवले. उकड गरम आहे तोवर मळली आणि पारी केली तर कळ्या सुरेख पडतात, जरा गार झाली की चिरा जातात, मग कितीही पाणी लावा. दाब देण्याची वेळ चुकली की काही उपयोग नाही, तसंच ना हे?

पोफळीची_सावली
घावणे, अगदी तसंच. पुढच्या वर्षी वर्गात हेच सांगणार आहे.

वाशिष्ठी_काठ
मोदक राहूदे, माझ्या आर्क वेल्डिंगला कोणी उत्तर दिलं नाही.

करूळ_घाट
देतो की. आर्क वेल्डिंग वाईट असं कोणी म्हणत नाही, तुमच्या हाताला मान आहेच. पण ईएन ८ मध्ये कार्बन ०.४ टक्क्याच्या आसपास. आर्क करायचं म्हणजे प्रीहीट, सुकवलेले लो हायड्रोजन इलेक्ट्रोड, थर थर भरणं, मग सावकाश थंड करणं. कोकणात जुलै महिन्यात इलेक्ट्रोड कोरडे ठेवणं म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. फ्रिक्शनला फिलर नाही, गॅस नाही, रॉड आणि डोळा एका रेषेत राहतात, पंधरा वीस सेकंदात एक नग. दिवसाला पाच करायचे असतील तर तुमची पद्धत, दोनशे करायचे असतील तर ही.

वाशिष्ठी_काठ
इलेक्ट्रोडचं मान्य. पावसाळ्यात मी ओव्हनमधून काढून थेट होल्डरला लावतो, तरी कधी कधी भोकं पडतात. पण एक सांगा, आर्क फसला तर मला बऱ्याचदा डोळ्याने दिसतं. तुमचा फ्रिक्शनचा सांधा बाहेरून सोन्यासारखा आणि आतून पोकळ, हे जास्त धोक्याचं नाही का? तो रॉड बोटीवर समुद्रात जाणार आहे, विंचजवळ माणूस उभा असतो.

करूळ_घाट
हा मुद्दा शंभर टक्के खरा. नुसतं टेकलेलं पण न जोडलेलं अशी जी जागा असते ती अल्ट्रासोनिकलाही बऱ्याचदा चुकवते. म्हणून इथे तपासणी नगावर कमी आणि प्रोसेसवर जास्त असते. प्रत्येक नगाची लांबी किती जळली ते मोजायचं. दाब तोच, वेळ तोच आणि एखाद्या नगाची लांबी अचानक कमी जळली तर काहीतरी बिघडलंय, तो बाजूला. शिफ्टच्या सुरुवातीला आणि शेवटी एकेक नग वाकवून बघायचा, आठवड्यात एक कापून, पॉलिश करून नायटल (सौम्य आम्लाचं द्रावण) लावून सांधा बघायचा.

रातांबा
सर, हे साध्या लेथवर करता येईल का? आमच्या कॉलेजात फ्रिक्शनचं मशीन नाही. प्रोजेक्ट करायचा आहे.

करूळ_घाट
ही गोष्ट लेथवरूनच पुढे आली. सोव्हिएत रशियात १९५० च्या दशकात चुदिकोव्ह नावाच्या कारागिराने लेथवर रॉड फिरवून, घासून जोडून दाखवले, तिथून हिला खरी गती मिळाली. पुढे १९६० च्या दशकात कॅटरपिलरने फ्लायव्हील वापरून इनर्शिया पद्धत आणली, तिथे वेळ सेट करायचाच नसतो, चाकात साठवलेली ऊर्जा संपली की फिरणं थांबतं. पण बाळा, लेथचे बेअरिंग दोन तीन टन सरळ रेट्यासाठी नसतात. ८ किंवा १० मिमीचा ॲल्युमिनियम रॉड घे, टेलस्टॉकने दाब, गार्ड लाव, चेहऱ्यावर शिल्ड, सर उभे असतानाच कर. स्टीलच्या वाटेला जाऊ नकोस.

हर्णैचा_वारा (हर्णै)
थोडं विषयांतर करतो. आमची बोट आहे, आणि मला यातला दुसरा प्रकार माहितीय, फ्रिक्शन स्टर. फिरणारं टूल पत्र्यांच्या जोडावरून चालवत नेतात. इंग्लंडमध्ये टीडब्ल्यूआय या वेल्डिंग संशोधन संस्थेत १९९१ साली निघाला. आणि गंमत अशी की त्याचा अगदी सुरुवातीचा धंद्यातला वापर मासळीसाठीच झाला, स्कँडिनेव्हियात मच्छीमार बोटींवर मासे गोठवायला लागणारे ॲल्युमिनियमचे पोकळ पॅनल याने जोडायला लागले. आमच्याकडे अजून लाकूड आणि फायबर, आणि बर्फ फोडून टाकायचा. कधीतरी मिरकरवाड्याला नाहीतर हर्णैला अशी पॅनल बनवणारी शेड उभी राहावी असं फार वाटतं.

पोफळीची_सावली
वारा, छान आठवण काढलीत. तिथेही सेटिंगचा खेळ तोच. टूलचे फेरे आणि पुढे जायचा वेग यांचं गुणोत्तर. फेरे कमी आणि पुढे पळवलं जोरात, तर धातू नीट ढवळला जात नाही आणि आत बोगद्यासारखी लांब पोकळी राहते. उलट फेरे जास्त, चाल मंद, तर झालर उडते आणि ६०६१ टी६ सारखा उष्णतेने कडक केलेला ॲल्युमिनियम मिश्रधातू बाजूच्या पट्ट्यात मऊ पडतो. बोटींना वापरतात तो ५०८३ उष्णतेने कडक केलेला नसतो, म्हणून त्याला हा त्रास बराच कमी.

हर्णैचा_वारा
आणि ॲल्युमिनियमला स्टेनलेस जोडायचं असेल तर? खाऱ्या हवेत बोल्टने जोडलं की दोन पावसाळ्यांत ॲल्युमिनियमचं पांढरं पीठ होतं.

पोफळीची_सावली
फिरवून जोडता येतं, पण तिथे "वेळ वाढवा" हा उपाय उलटा अंगावर येतो. ॲल्युमिनियम आणि लोखंड गरम असताना जितका वेळ एकमेकांना लागून राहतील तितका मध्ये दोघांच्या संयुगाचा थर जाड होतो, आणि तो काचेसारखा ठिसूळ. म्हणून तिथे घासायचा वेळ कमी, फोर्ज जोरात, तोंड अगदी स्वच्छ. ॲल्युमिनियममध्ये मॅग्नेशियम जास्त असेल, जसं तुमच्या ५०८३ मध्ये, तर आणखी कठीण, मग मध्ये शुद्ध ॲल्युमिनियमचा तुकडा घालतात. पण सांधा झाला तरी मीठ बाहेरून लागणारच, कडेला पेंट नाहीतर सीलंट पाहिजेच.

गजालवाला (कुडाळ)
झिला खाडीपलीकडे, सगळ्यांनी बरोबर सांगल्यानी, पण एक गोष्ट रवली. ब्रेक! मोटार बंद झाल्यार स्पिंडल (चक फिरवणारो दांडो) थांबाक किती टाइम लागता, ता कोणी बघल्यात काय?

आता साध्या मराठीत लिहितो म्हणजे रातांब्याला पण कळेल. आमच्याकडे असंच झालं होतं. ब्रेक लायनरला तेल लागलेलं, स्पिंडल रेंगाळत थांबायचा. आमच्या मशीनला फोर्जचा सिग्नल स्पिंडल पूर्ण थांबल्यावर मिळतो. म्हणजे रेंगाळताना वेग कमी, उष्णता कमी, दाब पण घासायचाच, धातू घट्ट होत चाललेला, आणि मग उशिरा फोर्ज. घावणेताईंच्या गार उकडीसारखं. नवीन जुळलेले दाणे शेवटच्या फेऱ्यात फाटतात ते वेगळंच.

करूळ_घाट
गजालवाले, एक दुरुस्ती. काही मशीनवर मुद्दाम स्पिंडल थांबायच्या किंचित आधी फोर्ज सोडतात, स्टीलला ते चालतं, कधी फायद्याचंही ठरतं. फिरताना फोर्ज आला म्हणजे वाईटच असं नाही.

गजालवाला
मान्य काका, पण मुद्दाम केलेलं आणि लायनर सुटला म्हणून झालेलं यात फरक आहे. मुद्दाम केलेलं दर नगाला सारखं होतं.

करूळ_घाट
हे मात्र पटलं.

वाशिष्ठी_काठ
व्होल्टेज पण बघा हो. आमच्याकडे संध्याकाळी लाइट इतकी पडते की ग्राइंडर रडायला लागतो. इंडक्शन मोटारचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने पडतो, १० टक्के व्होल्टेज कमी म्हणजे टॉर्क जवळजवळ १९ टक्के कमी. सुरुवातीच्या त्या झटक्याला मोटार दबत असणार. (बघा, आर्कवाला असून मदत करतोय.)

खाडीपलीकडे
मंडळी, आठ दिवसांनी येतोय, माफ करा, मध्ये दोन दिवस लाइटच नव्हती.

पहिल्या दिवशी फक्त दाब बदलला, घासताना ३१ बार, फोर्ज ६२, वेळ परत ६ सेकंद. करूळकाकांचं ऐकून बाकी कशाला हात लावला नाही. दहा नग वाकवले, नऊ पास. झालर छोटी, दोन्ही बाजूंना सारखी वळलेली. भाऊ तर तिथेच नाचायला लागला. पण एक तुटला, आणि तो सकाळचा पहिला होता. दुसऱ्या दिवशी परत दहा, परत सकाळचाच एक गेला.

मग गजालवाल्यांची गोष्ट आठवली. मोबाइलवर स्लो मोशन लावून चकवर खडूची रेघ मारून शूट केलं. दुपारी स्पिंडल अर्ध्या सेकंदाच्या आत थांबतोय. सकाळी पहिल्या दोन तीन नगांना सव्वा सेकंदाच्या वर! ब्रेक उघडला तर लायनर चकाकत होता आणि ओलसर. आमच्या शेडीच्या त्या कोपऱ्यात पावसाची झड येते, रात्रभर दमट राहतो, सकाळी दोन चार ब्रेक मारले की सुकून पकडायला लागतो. २० मिमीच्या वेळी हे कसं लपलं कोण जाणे. लायनर बदलला, पत्र्याचं कव्हर केलं, सकाळी कामाआधी पाच रिकामे फेरे मारतो. चार दिवस झाले, रोज पहिला नग वाकवतोय, एकही तुटला नाही.

आधीच्या २५ मिमीच्या लॉटमधले सत्तर नग गिऱ्हाइकाकडे गेलेत. काल फोन करून सगळे परत मागवले. पैशाचा फटका आहे, पण वाशिष्ठीकाकांचं ते विंचजवळ उभ्या माणसाचं वाक्य वाचल्यापासून झोप लागत नव्हती.

वाशिष्ठी_काठ
हे वाचून बरं वाटलं. परत आलेले नग भंगारात टाकू नका, सांधा कापून रॉड छोट्या मापाला वापरा. ओळखीत गिऱ्हाईक आहे, सांगतो.

रातांबा
दादा, रॉड कापून ठेवले की पावसात एका रात्रीत तोंडाला गंज येतो, त्याने काही होत नाही का?

खाडीपलीकडे
येतो ना, केशरी होतात. आता कापल्यावर त्याच दिवशी जोडतो.

पोफळीची_सावली
हलका गंज स्टीलमध्ये झालरीबरोबर निघून जातो, पण सुरुवातीचं घासणं नगानगाला वेगळं होतं आणि लांबीचं गणित हलतं, म्हणून त्याच दिवशी हेच बरं. तोंड काटकोनात कापलेलं असणं त्याहून महत्त्वाचं, तिरकं असेल तर सुरुवातीचे एक दोन सेकंद एकच कड घासते आणि तुमच्या ६ सेकंदातले ते वाया जातात.

हर्णैचा_वारा
बिडाचे पण तुकडे जोडता येतील का असे? जुन्या इंजिनाचा एक भाग आहे.

करूळ_घाट
बिडात नको. त्यातलं ग्राफाइट वंगणासारखं काम करतं, घासूनही उष्णता धरत नाही. तसंच गंधक किंवा शिसं घातलेलं फ्री कटिंग स्टील आलं तर खाडीपलीकडे, तुम्हीही परत पाठवा. फोर्जला धातूचे तंतू बाहेरच्या दिशेने वळतात, त्यातला गंधकाचा मळ सांध्याला समांतर आडवा पसरतो आणि वाकवताना तिथूनच फाटतं. टेस्ट सर्टिफिकेट बघूनच माल घ्या.

खाडीपलीकडे
काका, शेवटचा प्रश्न. एक सांधा कापून रत्नागिरीत हार्डनेस काढला. रॉड २१० विकर्स, सांध्याजवळ ३६५. वाकतोय व्यवस्थित. टेम्परिंग (परत तापवून कडकपणा उतरवणं) करावं लागेल का?

करूळ_घाट
३५० च्या वर गेलं की मी सावध होतो, विशेषतः जिथे झटके बसतात. तुमचा विंच झटक्यांचाच. वेळ कमी आणि दाब जास्त झाला की पट्टा अरुंद राहतो आणि थंड रॉड उष्णता पटकन ओढून घेतो, म्हणून कडकपणा वाढतो. ताई, इथे मात्र घासायचा वेळ थोडा वाढवून उपयोग होईल, नाही का?

पोफळीची_सावली
होईल. दादांचा पहिलाच प्रश्न परत आला बघा. वेळ वाढवला की उष्णता रॉडमध्ये लांबवर झिरपते आणि सांधा सावकाश थंड होतो, कडकपणा उतरतो. तुटणाऱ्या सांध्यावर तो उपाय नव्हता, कडक सांध्यावर आहे. ६ चे ७ करून बघा, लांबीत किती फरक पडतो ते लिहा, परत हार्डनेस काढा. तरी ३५० च्या खाली आलं नाही तर इंडक्शन कॉइलने फक्त सांध्याचा भाग ५५० ते ६०० अंशांना टेम्पर करायचा, रॉडचं क्रोम जपून.

खाडीपलीकडे
सोमवारी ७ सेकंदावर पाच नग करतो आणि कापलेल्या सांध्याचा फोटो इथेच टाकतो.

गजालवाला
पयलो नग सकाळचो घे हां.